वीटभट्टीची धूळ, चोर्ल्याचा चढ आणि पिकअपचा एअर फिल्टर

खानापूर तालुक्यातल्या एका तरुण गाडीवाल्याने विचारलं आहे: "माझी २०१८ ची बोलेरो पिकअप आहे, पावणेदोन लाख किलोमीटर झालीय. पहाटे बेळगावात भाजी भरून चोर्ला घाटाने गोव्यात म्हापशाला जातो, येताना बर्फातली मासळी आणतो. उन्हाळ्यात भट्टीवरच्या विटा मारतो. हल्ली घाटात गाडी ओढत नाही, दुसऱ्या गिअरवर येते आणि काळा धूर सोडते. एक दुकानदार म्हणतोय, एअर फिल्टरचा कंपनीचा डबा काढून कोनवाला, शंकूच्या आकाराचा फिल्टर आणि मोठा पाइप बसवा, साडेसात हजार लागतील, पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेज दीड-दोनने वाढेल, शिवाय फिल्टर धुऊन जन्मभर वापरायचा. माझ्या एका मित्राने बसवलाय. मी बसवू का काका?"

बसवू नका. बेळगावच्या उद्यमबागेत तीस वर्षं डिझेल इंजिनं उघडतोय, त्यावरून सांगतो. पण नुसतं नको म्हणून तुमचं समाधान होणार नाही, कारण गाडी ओढत नाही हे तर खरंच आहे. आणि दुकानदाराच्या बोलण्यातला एक धागाही खरा आहे: काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडणं. ती हवा कुठे अडतेय किंवा कुठून पळून जातेय हे शोधायचं सोडून डबाच काढून टाकायचा, इथे त्याचं चुकतं.

आधी हवेचा हिशेब बघू. तुमचं इंजिन २५२३ सीसीचं. फोर स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदा तेवढी हवा आत ओढतं. २५०० आरपीएमला मिनिटाला तीन हजार लिटरच्या वर हवा झाली, आणि टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारं चक्र, भरला की त्याहून कितीतरी जास्त. दुसऱ्या बाजूने धरा. एक लिटर डिझेल पुरतं जळायला साधारण बारा किलो हवा लागते, म्हणजे दहा हजार लिटर. डिझेल इंजिन याहून बरीच जास्त हवा घेऊन चालतं. म्हापशाला जाऊन येईतो तुमच्या गाडीने काही लाख लिटर हवा गिळलेली असते, आणि ती सगळी त्या वीतभर कागदी फिल्टरमधून गेलेली असते.

मग तो कागद इंजिनाचा श्वास किती अडवतो? हे मोजता येतं आणि मी मोजतो. पारदर्शक नळी यू आकारात पाटीवर बांधून तिच्यात रंगीत पाणी भरायचं, एक टोक फिल्टरच्या पुढच्या, स्वच्छ बाजूच्या पाइपला जोडायचं, दुसरं उघडं ठेवायचं. गाडी रेस केली की पाणी एका बाजूला चढतं. नव्या कागदी फिल्टरला जागेवर पूर्ण रेस देऊन मला तीन-चार इंचांचा फरक दिसतो. आता बेळगावच्या हवेचा एकूण दाब पाण्यात मोजला तर पावणेचारशे इंचांच्या आसपास भरतो. म्हणजे फिल्टर, डबा आणि पाइप मिळून जेमतेम एक टक्का खातात. लोडवर टर्बो भरल्यावर हा आकडा वाढतो. तिप्पट धरा, तरी तीन टक्के. फिल्टर अजिबात न लावता गाडी चालवली तरी मिळून मिळणार एवढंच, आणि त्यातलंही बरंचसं टर्बो आपणच भरून काढतो. जगातला कुठलाही फिल्टर "फिल्टरच नाही" यापेक्षा जास्त हवा देऊ शकत नाही. साडेसात हजार मोजण्याआधी हे एकच वाक्य मनात धरा.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब गोव्यातल्या साखळी-म्हापशापेक्षा आठ-नऊ टक्के कमी असतो. साखळीतून घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला चढताना तुमचं इंजिन जेवढी हवा गमावतं, तिच्यापुढे फिल्टरचा फरक काहीच नाही. टर्बो आहे म्हणून ते फारसं जाणवत नाही. आणि घाटात जाणवायला लागलं असेल, तर संशय टर्बोवर आणि त्याच्या पाइपांवर घ्यायचा.

कोनवाला फिल्टर बहुतेक वेळा उघडाच बसवतात, बोनेटच्या आत, गरम इंजिनाच्या शेजारी. कंपनीचा डबा बाहेरची गार हवा घेतो, हा कोन आतली तापलेली हवा ओढतो. ४० अंशांची हवा ७० अंशांवर गेली की तिचं वजन नऊ टक्क्यांनी उतरतं. टर्बोने दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर त्यातलं काही भरून काढतो, सगळं नाही. म्हणजे एक टक्का मिळवायला जाऊन घाटात, संथ चढावर, जिथे समोरून वारा लागत नाही तिथे, हातचं घालवायचं.

मग बसवलेले लोक खूश का असतात? दोन कारणं मला दिसतात. एक आवाज. डबा आवाज दाबायचं कामही करतो. तो गेला की टर्बोची शिट्टी, हवा ओढल्याचा सुस्कारा कानावर येतो आणि गाडी पळतेय असं वाटतं. दुसरं म्हणजे तुलना होते ती जुन्या, चोंदलेल्या कागदाशी. त्याच दिवशी हजाराच्या आतला नवा कागदी फिल्टर टाकला असता तरी गाडी तितकीच मोकळी झाली असती. पण ते करून बघायला कोणी थांबत नाही.

अ‍ॅव्हरेजचंही तसंच. पेट्रोल इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उघडणारं झाकण हवा अडवतं. डिझेलमध्ये ताकद ठरते ती किती डिझेल फवारलं त्यावर, आणि ते कॉम्प्युटर ठरवतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून आधुनिक पेट्रोल गाड्या तपासल्या. इंधनाच्या खर्चात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही, गाडीचा उठाव मात्र कमी झाला. घाण फिल्टरनेसुद्धा अ‍ॅव्हरेज फारसं हलत नसेल, तर मोकळ्या फिल्टरने लिटरमागे दोन किलोमीटर कुठून वाढणार? अ‍ॅव्हरेज जातं ते टायरमधल्या कमी हवेत, घासत राहिलेल्या ब्रेकमध्ये, घसरणाऱ्या क्लचमध्ये.

इथपर्यंत झालं ते मिळकतीचं. पण मी हे एवढं पोटतिडकीने लिहितोय ते नुकसानीसाठी.

काही वर्षांपूर्वी निपाणीकडची एक केए-२३ पिकअप माझ्याकडे यायची. तंबाखूचे बोद आणि एरवी खडी क्रशरवरची भाडी. मालकाने फारच आग्रह धरला म्हणून कोन मी स्वतःच्या हाताने बसवून दिला, आणि ती माझी चूक झाली. पहिले काही महिने ड्रायव्हर खूश होता. "काका, आवाज बघा की, कसा मारायलाय!" चौदा महिन्यांनी गाडी आली ती ऑइल खातेय म्हणून. टर्बोच्या तोंडावरचा होस काढला आणि पांढरं फडकं बोटाला गुंडाळून आतून फिरवलं. फडक्यावर ओल्या कुंकवासारखा लेप आला. धूळ आणि ऑइलची वाफ मिसळून झालेली पेस्ट ती. दोन बोटांत चोळली की कचकच लागायची. टॉर्च मारून टर्बोचं चक्र पाहिलं. पात्यांची पुढची धार विळ्यासारखी असायला हवी, ती झिजून गोल झाली होती, टोकं खाल्ल्यासारखी खडबडीत. हे चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतं. त्या वेगात धुळीचा कण आदळला की तो धार लावायच्या चक्कीवरच्या खड्यासारखं काम करतो. हेड उघडल्यावर लायनरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो त्या नळकांड्यात, वरच्या रिंगच्या जागी नखाला लागेल एवढी पायरी. गाडी तोवर नव्वद हजारसुद्धा झाली नव्हती. टर्बो आणि इंजिनाचं काम मिळून खर्च लाखाच्या पुढे गेला. मालक मला एका शब्दाने बोलला नाही, ते मला जास्त लागलं.

असं का होतं ते नीट समजून घ्या. इंजिनाला मारते ती डोळ्याला दिसणारी धूळ नाही. पाच ते वीस मायक्रॉनचे कण वाईट, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही बारीक. रिंग आणि लायनरमधल्या ऑइलच्या पापुद्र्यात ते बरोबर शिरतात आणि पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. मातीतली बारीक वाळू साध्या पोलादालाही ओरखडते, तिथे लायनरचं काय. चांगला कागदी फिल्टर अशी धूळ ९९ टक्क्यांच्या वर अडवतो. तेलाचा हात दिलेला सुती जाळीचा फिल्टर, म्हणजे हा धुऊन वापरायचा कोनवाला, हवा मोकळी सोडतो, ती भोकं मोठी ठेवूनच. समजा, एक ९९ टक्के अडवतो आणि दुसरा ९७. ऐकायला दोनाचाच फरक. पण इंजिनात शिरणारी धूळ शंभरात एकाच्या जागी तीन झाली, तिप्पट. कोरड्या, स्वच्छ हायवेवर या तिपटीने कदाचित काही बिघडणार नाही, तिथे धूळच कमी. पण तुम्ही भट्टीवर जाता. खानापूरच्या भट्ट्यांवर उन्हाळ्यात समोरची गाडी दिसत नाही अशी लाल भुकटी उडते. अथणी, रामदुर्गच्या काळ्या मातीची धूळ वेगळी, ती टाल्कम पावडरसारखी चिकटून बसते. ऊस हंगामात कारखान्याच्या रस्त्याला पाचट आणि बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, भुसा वेगळा. धुळीला कन्नडात धूळु म्हणतात, आणि आमच्याकडे दोन्ही भाषांतले ड्रायव्हर सारखंच इंजिनकाम घेऊन येतात.

तेलाच्या फिल्टरची आणखी एक गोष्ट. धुऊन परत तेल लावताना माणसाचा हात सढळ होतो. ते तेल हवेबरोबर पुढे जाऊन एअर मास सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसतं. तारेवर थर आला की आत खरोखर किती हवा जातेय ते कॉम्प्युटरला कळत नाही. तो डिझेल आखडतो किंवा ईजीआरचा, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, हिशेब चुकवतो, आणि गाडी आणखीच मंद होते. बीएस-६ गाड्यांत तर पुढे डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, बसलेला. धूर वाढला की तो लवकर भरतो आणि सारखा जाळून साफ करावा लागतो. वॉरंटीतल्या गाडीचा डबा काढलात तर इंजिनाच्या क्लेमला कंपनीच्या हातात कारण दिलंत असं समजा.

आता तुमच्या गाडीकडे येतो. कणकुंबीच्या चढाला काळा धूर आणि ताकद कमी, या तक्रारीत मी पहिल्यांदा टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन हे दोन्ही रबरी होस बघतो. क्लॅम्पजवळ किंवा बाकावर बारीक चीर गेलेली असते. जागेवर रेस केली तर काही कळत नाही, लोडवर दाब आला की चीर उघडते आणि भरलेली हवा फस्स करून बाहेर जाते. खूण एकच: त्या जागी ऑइलचा ओलसर डाग आणि त्यावर चिकटलेली माती. होस हाताने पिळून बघा, वरून नुसता बघू नका. पावणेदोन लाख किलोमीटर झालेल्या गाडीत हे होस कधी बदलले नसतील तर मला तिथेच दोष सापडेल असं वाटतं. त्यानंतर ईजीआर काजळीने उघडा अडकलाय का ते पाहायचं. मग टर्बोच्या शाफ्टला प्ले, म्हणजे ढिलेपणा, किती आहे ते. डिझेल फिल्टर कधी बदललाय तेही आठवा.

आणि हो, एअर फिल्टर. तो तुमचा नक्की चोंदलेला असणार, भट्टीवर जाणाऱ्या गाडीचा चोंदतोच. डब्याच्या तोंडाच्या पाइपातसुद्धा हात घालून बघा. पाचटाचा गुंता, प्लॅस्टिकची पिशवी, एकदा तर उंदराने आणून ठेवलेल्या चिंध्या मी तिथून काढल्या आहेत. मोठ्या डिझेल इंजिनांना फिल्टर बदलायची मर्यादा साधारण पंचवीस इंच पाण्याएवढ्या ओढीची धरतात. ट्रॅक्टरला, ट्रकला त्यासाठी लाल पट्टी दाखवणारा छोटा इंडिकेटर असतो. तो पिकअपच्या पाइपलाही बसवता येतो. दोन पैसे खर्चच करायचे असतील तर त्यावर करा. तो लाल होईपर्यंत डबा उघडायचा नाही.

उघडायचा नाही हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडे रोज उठून फिल्टर काढायचा आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मारायची ही सवय आहे. त्या दाबाने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. अंधारात फिल्टरच्या आत बल्ब धरून बघा, चांदण्यांसारखे ठिपके दिसले तर तो फिल्टर गेला. दुसरं असं की कागद थोडा मळला की जास्त बारीक धूळ अडवतो, कारण वर बसलेला धुळीचा थरच गाळणीचं काम करायला लागतो. कोरा फिल्टर उलट पहिल्या काही दिवसांत जास्त धूळ सोडतो. नाइलाजाने झटकायचाच असेल तर हवा अगदी कमी दाबाने, लांबून, आतून बाहेर मारा, आणि तेही एक-दोन वेळाच. इंडिकेटर नसेल तर मॅन्युअलमधलं बदलायचं अंतर भट्टीच्या महिन्यांत निम्मं धरा. जमिनीवर आपटायचा तर मुळीच नाही. पत्र्याची किंवा रबराची कड वाकडी होते आणि मग धूळ कागदातून नाही, बाजूने जाते.

बाजूने जाणं हाच खरा रोग आहे. मी उघडलेल्या झिजलेल्या इंजिनांत बहुतेक वेळा फिल्टरचा कागद ठीक असतो, पण रबराची कड कडक झालेली, झाकणाची एक क्लिप तुटून तारेने बांधलेली, नाहीतर डब्यापासून टर्बोपर्यंतच्या होसचा क्लॅम्प सैल. लोकल मालाचा फिल्टर दोन मिलिमीटर कमी उंचीचा निघाला तरी डबा बंद होतो, कड मात्र दाबली जात नाही. म्हणून ओरिजिनल घ्या किंवा कंपन्यांना माल पुरवणाऱ्या चांगल्या ब्रँडचा घ्या, आणि जुना शेजारी ठेवून उंची, व्यास, कड मिळवून बघा. काही डब्यांच्या तळाला धूळ बाहेर टाकणारी रबरी चोच असते. ती हरवली असेल तर तिथून खालची सगळी धूळ सरळ वर ओढली जाते.

पावसाळ्याचं एक. चोर्ल्यात आणि जांबोटीच्या पट्ट्यात पाऊस कसा कोसळतो ते तुम्हाला सांगायला नको. कंपनीने हवेचं तोंड वर ठेवलेलं असतं, डब्यात पाणी वेगळं पडायची सोय असते. गार हवेसाठी म्हणून कोन खाली बंपरच्या मागे नेला तर ओढ्यावरच्या पाण्यात तो बुडणार. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर माझ्याकडे आलेल्या गाड्यांत बुडालेल्यांपेक्षा बुडाल्यावर सेल्फ मारून बघितलेल्यांचं नुकसान मोठं होतं. पाणी गेल्याचा संशय असेल तर चावी लावू नका, आधी डबा उघडून फिल्टर ओला आहे का बघा.

तुमच्या मित्राने बसवलाय म्हणता, तर त्याला एवढं सांगा. कंपनीचा डबा फेकला नसेल तर परत लावावा. सुती फिल्टर ठेवायचाच असेल तर डब्यात बसणारा सपाट घ्यावा, उघडा कोन नको. धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळू द्यावा, तेल प्रत्येक घडीवर एकच बारीक रेघ द्यावं आणि रात्रभर मुरू द्यावं. आणि भट्टीच्या, क्रशरच्या भाड्यांना जायच्या आधी काढून कागदी टाकावा.

तुम्ही आज एक काम करा. इंजिन गार असताना डब्यापासून टर्बोकडे जाणारा होस सोडा आणि पांढरं फडकं आतून फिरवा. फडकं नुसतं तेलकट काळपट आलं तर जुन्या गाडीला ते चालतं, नवा फिल्टर टाका आणि इंटरकूलरचे दोन्ही होस तपासा. लाल किंवा कचकचीत आलं तर नवा फिल्टर टाकूनही उपयोग नाही, आधी कड, क्लिपा आणि क्लॅम्प. आणि मला दाखवायला आणणार असाल तर रिकामी आणू नका. मासळी उतरवायच्या आधी, लोडसकट आणा, वाटेत एक चढ आपण दोघं मिळून चढू. होस फुटलेला असेल तर तिथेच ऐकू येईल.